गटाने केलं, तर गटानेच जबाब द्यावा



जेवणं आटोपली असतील, भांडी घासून झाली असतील. पाच मिनिटं टेकून ऐका. मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी. दर महिन्याला मी तुमच्याशी व्याजाबद्दल, परतफेडीबद्दल, शेळ्यांच्या विम्याबद्दल बोलते. आजचा विषय वेगळा आहे. कॉलेजातली विद्यार्थ्यांची मंडळं आणि संघटना यांच्याबद्दल मला बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, त्याचा आपल्याशी काय संबंध? आपल्यातल्या कितीतरी जणींनी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नाही. पण आपल्या मुली आता तिथं जातात. गटाचं कर्जाचं रजिस्टर काढून बघा. पूर्वी कारणाच्या रकान्यात दवाखाना, बियाणं, लग्न असायचं. आता दर महिन्याला एखादी तरी ओळ ‘मुलीची फी’ अशी असते. म्हणजे आपल्या बचतीचा पैसा तिथं गेला आहे आणि पोटची पोरही तिथं गेली आहे. मग तिथं काय चालतं हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. गावाचं, कॉलेजचं आणि कोणाचंही नाव घेणार नाही, कारण ती मुलगी अजून शिकते आहे.

आमच्या एका गटातल्या ताईंनी मुलीच्या फीसाठी गटातून बारा हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. घरात कॉलेजला गेलेली ती पहिली. जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहात राहिली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली, ती फराळ करायला बसलीच नाही. भाऊबीज झाल्यावर म्हणाली, “मी परत जाणार नाही.” कारण विचारलं तर गप्प. ताई मला घेऊन गेल्या. मी तिला काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “अगं, चार दिवस सहन कर, सगळ्यांचंच असं होतं.” आज हे सांगताना मला लाज वाटते. पण सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी हेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती थोडं थोडं बोलली. कॉलेजात विद्यार्थ्यांचं एक मंडळ होतं. गणपती बसवायचं, गॅदरिंगला पुढं असायचं, फाटकावर त्यांचा फलक असायचा. त्या मंडळाच्या नावाने नवीन मुलींकडून ‘स्वागत समारंभाची वर्गणी’ म्हणून प्रत्येकी तीनशे रुपये घेतले. पावती नाही. मग रात्री अकरा वाजता वसतिगृहाच्या गच्चीवर सगळ्या नव्या मुलींना ओळीत उभं केलं. मोबाइल काढून घेतले. नाव, गाव, जात विचारली. कोणाला नाचायला लावलं, कोणाला मोठ्या मुलींच्या पाया पडायला लावलं. आमच्या मुलीला तिच्या बोलीवरून चिडवलं आणि तेच वाक्य पन्नास वेळा म्हणायला लावलं. हे एक दिवस नाही, तीन आठवडे चाललं. ती म्हणाली, “मावशी, मला कोणी मारलं नाही. पण आता वर्गात तोंड उघडायची भीती वाटते.”

मारलं नाही, म्हणून काही झालंच नाही असं आपण समजतो. कायदा तसं समजत नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. ज्यामुळे विद्यार्थ्याच्या शरीराला किंवा मनाला इजा होईल, भीती किंवा लाज वाटेल, असं वागणं म्हणजे रॅगिंग. जी गोष्ट मुलगी आपणहून कधी करणार नाही ती तिला करायला लावणं हेही रॅगिंगच. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम तर म्हणतात की नव्या विद्यार्थ्याकडून पैसे उकळणं, त्याच्यावर जबरदस्तीने खर्च लादणं हेही रॅगिंग आहे. म्हणजे ते तीनशे रुपयेसुद्धा त्यात आले.

ताई, आमच्या गटाच्या अध्यक्षा आणि मी अशा आम्ही तिघी पहाटेच्या एसटीने कॉलेजात गेलो. प्राचार्य चांगलं बोलले, चहा दिला. पण म्हणाले, “बाई, हे मंडळ मुलांचं आहे. कॉलेजचा त्याच्याशी अधिकृत संबंध नाही.” मग आम्ही मंडळाच्या अध्यक्षाला भेटलो. पोरगा नम्र होता. म्हणाला, “मावशी, मंडळाने असं काही ठरवलं नव्हतं. एखाद्या मुलीने वैयक्तिक केलं असेल.” रेक्टर मॅडम म्हणाल्या, “गच्चीची किल्ली मंडळाच्या मुलींकडे कार्यक्रमासाठी दिली होती.” कॉलेज म्हणतं मंडळ आमचं नाही. मंडळ म्हणतं मुलगी आमची नाही. आणि मुलगी काय म्हणाली असेल? “सगळ्यांनी केलं, मी एकटीने नाही.”

हे नुसतं त्या एका कॉलेजात होत नाही. गर्दीने केलेल्या कामाला धनी सापडत नाही. उज्जैनला २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकीच्या वादात कॉलेजच्या आवारात प्राध्यापक सभरवाल यांच्यावर हल्ला झाला, त्यात त्यांचा जीव गेला. खटला मध्य प्रदेशातून आपल्या नागपूरला आणला गेला. साक्षीदार फिरले, पुरावा पुरला नाही आणि २००९ मध्ये सगळे आरोपी सुटले. न्यायालयाला पुराव्यावरच चालावं लागतं, त्याला दोष देता येणार नाही. पण दिवसाढवळ्या, इतक्या लोकांसमोर एक शिक्षक गेला आणि कोणी केलं ते ठरलंच नाही. म्हणून नंतर चौकशी करण्याआधी, गट चालू असतानाच त्याची नोंद आणि जबाबदारी ठरलेली हवी.

त्या दिवशी कॉलेजात मी बी.ए. झालेली बाई गप्प बसले. बोलल्या त्या सातवी शिकलेल्या ताई. मंडळाच्या अध्यक्षाला म्हणाल्या, “बाळा, साठ मुलींचे तीनशे-तीनशे म्हणजे अठरा हजार झाले. ते कोणाच्या नावाने घेतले? आमच्या गटात दहा रुपये घेतले तरी पासबुकात लिहितो. तुमचं पावती बुक दाखव.” मग प्राचार्यांकडे वळून म्हणाल्या, “सर, मंडळ तुमचं नाही, तर त्यांच्या पत्रिकेवर तुमचा फोटो कसा?” खोलीत कोणी बोलेना.

मैत्रिणींनो, मला तेव्हा कळलं की हे प्रश्न आपण बायका वकिलापेक्षा चांगले विचारू शकतो. आपली पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेलं दप्तर. बँक आपल्या दहा-बारा जणींना कर्ज देते ते गटाच्या नावावर. एकीने हप्ता चुकवला तर बँक तिच्या एकटीच्या दारात जात नाही, गटाला विचारते. आपण असं म्हणू शकतो का, की “साहेब, ते तिने वैयक्तिक केलं”? नाही म्हणता येत. गटाचं नाव वापरून पत मिळवली, तर गटाचं नाव घेऊन उत्तरही द्यावं लागतं. तोच नियम कॉलेजातल्या मंडळाला लावायचा. फलक लावताना, वर्गणी घेताना, किल्ली मागताना तुम्ही मंडळ असता, तर चूक झाल्यावरही मंडळच असलं पाहिजे.

आम्ही तिथंच बसून लेखी तक्रार केली. तारीख घातली, ताईंची सही, मुलीची सही. कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. लेखी का? कारण १९९९ चा कायदा सांगतो की विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांनी लेखी तक्रार केली तर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवली पाहिजे. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवलं पाहिजे. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या कॉलेजात प्रवेश नाही. प्रमुखाने तक्रारीकडे दुर्लक्ष केलं, तर त्यानेच गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं, आणि शिक्षाही तीच. सात दिवस हा शब्द ऐकल्यावर प्राचार्यांनी स्वतःच पेन काढलं.

सहाव्या दिवशी फोन आला. चौकशी झाली होती. मोठ्या वर्गातल्या दोन मुली निलंबित झाल्या. आम्हाला वाटलं, जिंकलो. ताईंनी गटाच्या बैठकीत पेढे वाटले.

पण गोष्ट तिथं संपत नाही. आठ दिवसांनी मला एक फोन आला. दुसऱ्या तालुक्यातली एक बाई रडत होती. निलंबित झालेल्या मुलींपैकी एकीची आई. तीही बचत गटातली. म्हणाली, “ताई, माझ्या पोरीने चूक केली, मी पदर पसरते. पण तिला गच्चीवर पाठवलं कोणी? मागच्या वर्षी तिलाही असंच उभं केलं होतं. मंडळात राहायचं तर आता तू पुढं हो, असं तिला सांगितलं. सांगणारे सगळे बाहेर फिरतायत. त्यांचं काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण खरंच, अठरा हजारांचा हिशेब कोणी दिला नव्हता. मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार तसेच होते. पुढच्या जूनमध्ये फाटकावर नवा फलक लागला. मंडळाचं नाव बदललं होतं, माणसं तीच होती. दोन मुलींनी शिक्षा भोगली आणि गट सुटला.

त्या मुलींना शिक्षा व्हायला नको होती असं मी म्हणत नाही. केलं ते भरलं पाहिजे. पण फांदी तोडून मूळ ठेवलं, तर पुढच्या पावसात तेच झाड येणार. रॅगिंग एकीच्या डोक्यातून निघत नाही. ‘आमच्या मंडळाची पद्धत’ म्हणून ते चालत येतं. म्हणून शिक्षाही त्या पद्धतीला झाली पाहिजे.

ही गोष्ट दुसरीकडच्या आईवडिलांनाही कळली आहे. अमेरिकेत कॉलेजातल्या मुलांचे संघ असतात, त्यांची स्वतःची घरंही असतात. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका विद्यापीठात अशा संघात नव्याने आलेल्या १९ वर्षांच्या टिमथी पियाझा या मुलाला एकामागून एक दारू प्यायला लावली. तो जिन्यावरून पडला. संघातल्या मुलांनी जवळजवळ बारा तास मदत बोलावली नाही. तो गेला. त्याच्या आईवडिलांनी नुसता मुलांवर खटला चालवून समाधान मानलं नाही. विद्यापीठाने त्या संघाला कायमचं बंद केलं. २०१८ मध्ये त्या राज्यात त्याच्या नावाने कायदा झाला, त्यात संघटनेवरही गुन्हा दाखल होऊ शकतो. कुठल्या संघाने काय गैरप्रकार केला याची यादी विद्यापीठांना जाहीर करावी लागते. २०२४ च्या डिसेंबरात त्या संपूर्ण देशासाठी तसाच यादी जाहीर करण्याचा कायदा झाला. म्हणजे मुलाला पाठवण्याआधी आई विचारू शकते, या संघाच्या नावावर आधी काय लागलेलं आहे?

आपल्याकडेही वाट आईवडिलांनीच काढली. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा मुलगा रॅगिंगच्या मारहाणीत गेला. त्याच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि त्याच वर्षी देशभरासाठी आयोगाचे नियम आणि मदतीचा फोन सुरू झाला. आपल्या जळगावच्या डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये मुंबईत गेल्या. तो खटला न्यायालयाचा विषय आहे, मी त्यावर बोलत नाही. पण त्यांच्या आई त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि म्हणाल्या, कॉलेजांमधला जातिभेद रोखायचे नियम कागदावर आहेत, ते अमलात आणा. आपल्यासारखीच एक आई, घरातलं दुःख घेऊन दिल्लीपर्यंत गेली.

आपल्या नियमांतही गटाला पकडायची एक जागा आहे. २००९ चे नियम म्हणतात की रॅगिंग करणारे ओळखू आले नाहीत, तर संस्थेने सामूहिक शिक्षा करावी. पण मला ते अर्धंच पटतं. त्यात मागं घाबरून उभी राहिलेली मुलगीही भरडली जाते. त्यापेक्षा मंडळाचं दप्तर आधीच नीट असलं, कोण अध्यक्ष, कोण खजिनदार, कुठला कार्यक्रम कोणाच्या परवानगीने, हे लिहिलेलं असलं, तर शिक्षा बरोबर माणसापर्यंत पोचते.

आता कोणी म्हणेल, मग ही मंडळं, संघटना बंदच करा ना. नाही मैत्रिणींनो. आपल्याच भागात एसटीच्या फेऱ्या वाढवा म्हणून विद्यार्थी संघटनेने आगारासमोर धरणं धरलं, म्हणून आज सकाळची गाडी गावात येते आणि आपल्या मुली तिने जातात. रक्तदान, पूरग्रस्तांना मदत, शिष्यवृत्ती अडली तर समाजकल्याण कार्यालयात खेटे, ही कामंही हीच पोरं करतात. बंद करूनही काही संपत नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद झाल्या. संघटना काही संपल्या नाहीत. उलट निवडून यायचं नाही, म्हणजे हिशेब द्यायचा नाही, अशी सवय लागली. निवडणूक होते तिथं निदान नियम आहेत. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. त्यात एका उमेदवाराला पाच हजारांपर्यंतच खर्च करता येतो आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यावा लागतो. हिशेब मागणं म्हणजे शत्रुत्व नाही. आपला गट टिकला तो हिशेबामुळंच.

मग आपण काय करायचं? थोडक्यात सांगते, वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं. प्रवेशाच्या वेळी रॅगिंग करणार नाही अशा हमीपत्रावर मुलीची आणि पालकाची सही घेतात. आपण घाईत सही करून देतो. यापुढे मुलीकडून ते वाचून घ्या. आपली मुलगी भोगणारी असू शकते, तशी पुढं करणारीही असू शकते. हे तिला त्याच दिवशी सांगा.

दुसरं. प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असावी लागते. तिच्यात पोलीस, शिक्षक, नवे-जुने विद्यार्थी यांच्याबरोबर पालकांचे प्रतिनिधी असायला हवेत, तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थांचेही. विचारा, पालक म्हणून कोण आहे? जागा रिकामी असेल तर आपल्या गटातली बाई तिथं का बसू नये?

तिसरं. वर्गणी मागितली तर पावती मागा. पावती नाही तर वर्गणी नाही. आणि मंडळाबद्दल तीन गोष्टी प्राचार्यांना लेखी विचारा. मंडळाची नोंद कॉलेजात आहे का? पदाधिकारी कोण? जबाबदार शिक्षक कोण? तक्रार करायची वेळ आली तर तीत मुलींच्या नावांबरोबर मंडळाचं नाव लिहा आणि मंडळावर काय कारवाई केली हेही लेखी कळवा असं मागा. आम्ही हेच लिहायचं विसरलो होतो. तुम्ही विसरू नका.

चौथं. तक्रार लेखीच करा. पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मुलगी घाबरत असेल तर देशभरासाठी रॅगिंगविरोधी मदतीचा फोन आहे, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत. नंबर सांगते: १८००-१८०-५५२२. पुन्हा सांगते, १८००-१८०-५५२२. प्रकार लैंगिक छळाचा असेल तर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी अर्ज करा, आणि पोलिसांकडे जायचा हक्क वेगळा आहे, तो सोडू नका.

पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या बाजूचंही ऐका. आरोप झाला म्हणजे दोषी ठरलं असं नाही. गटात एखादीवर पैशाचा संशय आला तर आपण आधी रजिस्टर बघतो, मग बोलतो. तसंच इथंही.

आमची मुलगी परत गेली. त्या वसतिगृहात नाही राहिली, रोज एसटीने ये-जा करते. तीन तास प्रवासात जातात. ही किंमत तिने का द्यावी, याचं उत्तर अजून मला मिळालेलं नाही. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. ताईंचं कर्ज मागच्या महिन्यात फिटलं. आणि ती रडणारी दुसरी आई? तिची मुलगी निलंबन संपल्यावर परत कॉलेजात आली. यंदा आम्ही त्या दोन्ही आयांना एकत्र घेऊन प्राचार्यांकडे गेलो आणि नव्या मंडळाच्या नोंदणीचा अर्ज, पदाधिकाऱ्यांची यादी आणि मागच्या अठरा हजारांचा हिशेब मागितला. यादी मिळाली. मंडळावर एक शिक्षिका नेमल्या गेल्या. हिशेब अजून मिळालेला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहोत, आवक शिक्क्याची प्रत घेऊन.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते लिहून झाले की एक प्रश्न विचारा: आपल्यापैकी कोणाकोणाची मुलं कॉलेजात आहेत, आणि ती कुठल्या मंडळात आहेत? नावं लिहून ठेवा. विषय नंबर टाकून कार्यवृत्तात घ्या.

येते मी. नमस्कार.